किल्ली एक, दरवाजे अनेक : शाळेच्या संगणक-जाळ्यातील ओळखीचा इतिहास



शिरवळ हे गाव वाटेवरचे. पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली आणि सातारा जिल्ह्यात पाऊल टाकले, की पहिले मोठे गाव लागते ते हेच. नदीकाठी येथे सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. १६४८ साली विजापूरचा सरदार फत्तेखान चालून आला त्या वेळी या कोटासाठी लढाई झाली, हे आपण शाळेत वाचलेले आहे. त्या कोटाच्या खुणा आज फारशा उरलेल्या नाहीत. तरीही कोणत्याही कोटाची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी असते. आत घरे अनेक, कोठारे अनेक, पागा अनेक. पण येणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम मुख्य दरवाजावर होते. प्रत्येक कोठीवाल्याने येणाऱ्याला नव्याने 'तू कोण?' असे विचारत बसायचे ठरवले, तर कोटाचा कारभार एक दिवसही चालणार नाही.

फौजेच्या पहाऱ्यावर रात्री ठरलेला शब्द विचारीत. त्याला 'परवल' म्हणत. आज संगणकाच्या पडद्यावर जो 'पासवर्ड' मागितला जातो त्याला आपण 'परवलीचा शब्द' म्हणतो, तो याच लष्करी बोलीतून आला. यंत्र नवे आहे, पण प्रश्न जुनाच आहे : दारात उभा असलेला माणूस म्हणतो तोच आहे हे ओळखायचे कसे, आणि एकदा ओळखल्यावर आत त्याला किती मोकळीक द्यायची? शाळेतील संगणकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले गेले, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगायचा आहे. हा विषय केवळ संगणक शिकवणाऱ्या सरांचा आहे असे कृपया समजू नका. तो तुमच्या मुलाच्या नावाचा विषय आहे.

सात नंबरचे यंत्र

एका शाळेत पाहिलेला प्रसंग सांगतो. संगणक कक्षात वीसेक यंत्रे होती. काही विंडोजवर चालणारी, काही लिनक्सवर, दोन देणगीतून आलेली आणि एक कार्यालयातून उतरवलेले. प्रत्येक यंत्रावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि सर्व चिठ्ठ्यांवर नाव व परवलीचा शब्द एकच होता. नववीतल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी तीन आठवडे खपून सात नंबरच्या यंत्रावर आपला प्रकल्प तयार केला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पाहते तो फाइल गायब! कोणी पुसली? सर्वजण एकाच नावाने आत येत असल्यामुळे यंत्राला विचारून उपयोग नव्हता. शेवटी सगळ्या वर्गाला शिक्षा झाली. जिचे काम गेले होते तीही त्यात आली.

या प्रसंगात मुलांचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, याचा विचार करा. ज्या खोलीत कोणालाच स्वतःचे नाव नाही, तेथे कोणाचे काम सुरक्षित नाही आणि कोणावर जबाबदारीही नाही. निर्दोष मुलाला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची सोयच तेथे उरत नाही.

पहिला परवलीचा शब्द आणि पहिली चोरी

ही अडचण काही आपल्याच शाळांना आली असे नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक झाले, तेव्हा प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे भाग पडले. त्यासाठी त्यांनी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. संगणकावरील परवलीच्या शब्दाचा आरंभ सामान्यतः येथूनच मानतात.

गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १९६२ साली, त्याचा पहिला पराभवही झाला. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ अपुरा पडत असे. त्याने सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केले. ही गोष्ट त्याने स्वतः पुढे पंचवीसेक वर्षांनी कबूल केली. त्याच दशकात आणखी एक घोटाळा झाला. त्या फाइलीची आणि रोजच्या स्वागत-संदेशाच्या फाइलीची अदलाबदल झाली आणि जो कोणी यंत्रावर बसेल त्याच्यासमोर सर्वांचे परवलीचे शब्द झळकू लागले! जगातील उत्तमोत्तम अभियंते जेथे होते तेथे हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यावरून पहिला धडा मिळाला : पहारेकऱ्यानेसुद्धा गुपित जसेच्या तसे लिहून ठेवू नये. केंब्रिज विद्यापीठातील रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात एक युक्ती काढली. परवलीच्या शब्दावर गणिताची अशी क्रिया करायची, की शब्दावरून खूण तयार होते, पण खुणेवरून शब्द परत काढता येत नाही. गहू दळून पीठ होते, पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसेच हे. यंत्र फक्त ते पीठ जपून ठेवते. पुढे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ साली आपल्या प्रसिद्ध लेखात त्यात 'मीठ' घालण्याची पद्धत मांडली. प्रत्येकाच्या शब्दात वेगळी चिमूट मिसळायची, म्हणजे दोघांचा शब्द योगायोगाने एकच असला तरी खुणा निराळ्या उमटतात. पालकांनी यावरून एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. मुलाचा विसरलेला जुना शब्द जर कोणी वही उघडून किंवा पडद्यावर पाहून तुम्हाला सांगू शकत असेल, तर ती व्यवस्था १९७९ च्याही मागे आहे. चांगल्या व्यवस्थेत जुना शब्द कोणालाच दिसत नाही. नवा देता येतो, इतकेच.

शाळेच्या आवारात जन्मलेली व्यवस्था

एका मोठ्या यंत्राच्या जागी अनेक लहान यंत्रे आली, तेव्हा अडचण वाढली. वीस यंत्रे आणि पाचशे विद्यार्थी असतील, तर प्रत्येक यंत्रावर पाचशे नावे लिहिणार कोण? एखाद्याने आपला शब्द बदलला तर तो वीस ठिकाणी बदलणार कोण? १९८५ च्या सुमारास सन कंपनीने याद्या एका ठिकाणी ठेवून सर्व यंत्रांना पुरवण्याची सोय केली. तिचे नाव प्रथम 'यलो पेजेस' असे होते. ते ब्रिटिश टेलिकॉमचे नोंदणीकृत नाव निघाल्यामुळे ते बदलावे लागले. सोय मोठी झाली, पण दळलेल्या खुणा तारेवरून उघड्या जात आणि वाटेत कान लावून बसलेल्याला त्या मिळत.

खरे उत्तर सापडले ते एका शैक्षणिक संस्थेच्या आवारात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एमआयटीमध्ये १९८३ साली 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही यंत्रावर बसावे आणि त्याला स्वतःच्या फाइली, स्वतःचा छापील कागद, स्वतःचा टपाल-डबा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. यंत्रे दोन कंपन्यांची, डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांची. म्हणजे संमिश्र जाळ्याची जी अडचण आज शिरवळसारख्या गावातील शाळेला येते, तीच तेथेही होती. शिवाय खोल्या सर्वांना खुल्या, विद्यार्थी हुशार आणि खोडकर. तेव्हा त्यांनी कडक गृहीत धरले : समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, मधल्या तारेवर तर मुळीच नाही.

त्यातून जी व्यवस्था निघाली तिला ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या पहारेकरी कुत्र्यावरून 'कर्बेरॉस' हे नाव मिळाले. तिची मूळ कल्पना नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली मांडली होती. १९८८ साली बिल ब्रायंट यांनी ती समजावून देण्यासाठी चार प्रवेशांचा संवादच लिहिला. अवघड विषय नाट्यरूपाने शिकवता येतो, हे आपल्या शिक्षकांनीही लक्षात घ्यावे.

कर्बेरॉसचे काम समजण्यासाठी जुन्या काळचे 'दस्तक' आठवा. माल घेऊन निघालेला व्यापारी प्रत्येक चौकीवर आपली सगळी हकिगत सांगत बसत नसे. सरकारी मोहरेचा परवाना दाखवला की वाट मोकळी होई. येथेही तसेच आहे. विद्यार्थी सकाळी आपले नाव सांगतो. मध्यवर्ती यंत्र त्याला एक मोहोरबंद दस्तक पाठवते. ते फक्त त्याच्या परवलीच्या शब्दापासून बनणाऱ्या किल्लीनेच उघडते. दुसऱ्या कोणी ते वाटेत पळवले तरी त्याच्या हाती बंद लखोटाच लागतो. यात खुद्द परवलीचा शब्द तारेवरून एकदाही जात नाही, हे विशेष. पुढे फाइली हव्या असोत की छपाई, त्या त्या चौकीसाठी वेगळी चिठ्ठी त्या दस्तकावर मिळते. शब्द पुन्हा पुन्हा विचारला जात नाही. आणि दस्तकाला मुदत असते. अथीनामध्ये ती साधारण आठ तासांची होती. मुदत संपली की ते रद्दी.

आजच्या भाषेत पाहायचे तर महामार्गावरील फास्टॅग आठवा. गाडी कोणत्याही कंपनीची असो, खेड-शिवापूरचा नाका असो की आणेवाडीचा, काचेवरची पट्टी एकच चालते. कारण नाका स्वतः हिशेब ठेवीत नाही, तो मागे असलेल्या व्यवस्थेला विचारतो. यंत्र विंडोजचे असो की लिनक्सचे, मध्यवर्ती ओळखीचे तत्त्व हेच आहे.

भिन्न घरे, एक दप्तर

ओळख पटली; पण कोण कोणत्या इयत्तेत, कोणाला कोणते अधिकार, याचे दप्तर कोठे ठेवायचे? १९८८ साली त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले, पण ते अवजड होते. १९९३ साली मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हलके रूप काढले. त्याला 'एलडॅप' म्हणतात. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. मुलाचे नाव एकदा नोंदले की हजेरीपट, निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व त्याच नोंदीवरून निघते. एलडॅप हे संगणकांचे जनरल रजिस्टरच होय. २००० साली मायक्रोसॉफ्टने आपल्या 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी'त एलडॅप आणि कर्बेरॉस या दोहोंना स्थान दिले.

परंतु विंडोजची आणि इतरांची बोली जुळत नव्हती. ती जुळवण्याचे काम ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने केले. कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून विंडोजच्या गोटातील यंत्रांशी बोलणारा कार्यक्रम लिहिला. नाव हवे होते, तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द यादीत शोधले आणि 'साम्बा' सापडला. पुढे युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, २००७ साली तेथील न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षअखेर दहा हजार युरो भरून साम्बाच्या मंडळींना आवश्यक ती माहिती मिळण्याची वाट झाली. डिसेंबर २०१२ मध्ये साम्बाची चौथी आवृत्ती आली आणि फुकट मिळणाऱ्या या कार्यक्रमाच्या आधारे संपूर्ण मध्यवर्ती पहारा उभारता येऊ लागला. ही गोष्ट गरीब शाळांच्या दृष्टीने फार मोलाची ठरली.

आपल्याकडे

भारतात शालेय संगणकांची पहिली मोठी योजना 'क्लास' या नावाने १९८४-८५ मध्ये आली. त्यात बीबीसी मायक्रो ही यंत्रे होती. ती एकेकटी चालत, त्यामुळे 'तू कोण?' हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारची माध्यमिक शाळांसाठी संगणक-योजना आली. २००७ साली सी-डॅकने भारतीय भाषांना सामावून घेणारी 'बॉस' ही लिनक्स प्रणाली काढली. यंत्रे अशी टप्प्याटप्प्याने, कधी योजनेतून, कधी देणगीतून येत गेली. म्हणून आपल्या शाळांतील जाळे संमिश्र असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अथीनाही संमिश्रच होता.

असे जाळे एका पहाऱ्याखाली आणायचे तर काय लागते? एक बऱ्यापैकी जुने यंत्र, त्यावर लिनक्स आणि साम्बा. विंडोजची यंत्रे त्यास जोडता येतात. मात्र विंडोजची 'होम' आवृत्ती जोडता येत नाही, म्हणून देणगी घेतानाच आवृत्ती विचारून घ्यावी. लिनक्सची यंत्रेही त्याच पहाऱ्याला विचारू शकतात. दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. पहिली घड्याळाची. दस्तकाला मुदत असल्यामुळे दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. जुन्या यंत्रातील बटणाएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मागे पडते, आणि शब्द बरोबर असूनही मुलाला दार उघडत नाही. मुलाला रागावण्यापूर्वी घड्याळ पाहावे. दुसरी काळजी विजेची. पहारेकरीच झोपला तर सगळा कोट अडतो. म्हणून त्या यंत्राला बॅटरीचा आधार हवा, आणि शक्य असल्यास दुसरा जोडीदार पहारेकरीही हवा.

नाव देताना जनरल रजिस्टरचा क्रमांक वापरावा. आधार क्रमांक वापरू नये. जन्मतारीख परवलीचा शब्द म्हणून देऊ नये, कारण ती वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे अधिकार वेगळे असावेत. मूल दाखला घेऊन गेले, की त्याचे काम त्याच्या हाती देऊन त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

नाण्याची दुसरी बाजू

येथवर वाचून मध्यवर्ती व्यवस्था म्हणजे सर्व दुःखांवर इलाज असे वाटेल. तसे नाही. किल्ली एक झाली म्हणजे चोरालाही एकच किल्ली पुरते. अमेरिका व कॅनडातील असंख्य शाळांचे दप्तर सांभाळणाऱ्या 'पॉवरस्कूल' या कंपनीत डिसेंबर २०२४ मध्ये असेच झाले. चोरलेल्या एका ओळखीच्या जोरावर लक्षावधी विद्यार्थ्यांची व शिक्षकांची माहिती पळवली गेली. २०२५ साली एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने या प्रकरणी गुन्हा कबूल केला. अ‍ॅलन शेरने छापलेल्या यादीची हीच गोष्ट, पण आकार केवढा वाढला!

आपल्याकडेही मुलांच्या नोंदी आता गावात राहिलेल्या नाहीत. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. त्यातील पहिले २७ हे महाराष्ट्राचे, पुढचे ३१ हे सातारा जिल्ह्याचे, तर सांगलीचे ३५. २०१५ पासून 'सरल' या राज्याच्या व्यवस्थेत विद्यार्थ्यांच्या नोंदी भरल्या जाऊ लागल्या. त्यानंतर २०२३ पासून 'अपार' हा बारा अंकी क्रमांक आला, आणि त्यासाठी पालकांची संमती घेतली जाते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरताना पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून समोर आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा आणि तीन प्रश्न जरूर विचारावेत : माझ्या मुलाची कोणती माहिती घेता? ती कोणाला दिसते? आणि तो शाळा सोडून गेल्यावर तिचे काय होते? हे प्रश्न म्हणजे शाळेवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला पहारेकरी आपल्याला हटकतो, तसे आपणही पहारेकऱ्याला विचारले पाहिजे.

नाव लागणे

शिरवळहून जवळच नायगाव आहे. तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर कधी लागले नव्हते, अशा मुलींचे नाव तेथे लागले. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. एका पत्रातील एका उल्लेखामुळे ते नाव आपल्यापर्यंत पोचले. नोंद राहणे किती महत्त्वाचे असते, हे यावरून कळावे. नाव लागणे म्हणजे मोजले जाणे. आपले काम आपल्या नावावर राहणे.

संगणक कक्षातील चिठ्ठीवर सर्वांसाठी एकच नाव असते, तेव्हा खरे म्हणजे कोणाचेच नाव लागलेले नसते. आपल्या मुलीला स्वतःचे नाव, स्वतःची किल्ली आणि स्वतःचे कपाट मिळावे, इतके साधे मागणे आपण शाळेपुढे ठेवू शकतो. त्यासाठी लागणारे कार्यक्रम फुकट आहेत, लागणारे यंत्र जुने चालते. लागते ते कोणीतरी मन लावून शिकण्याची तयारी.

विद्यार्थी मित्रांनो, हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी आहे. अथीनाचा कस लागला तो खोडकर विद्यार्थ्यांमुळे, आणि साम्बाचा आरंभ केला तो एका जिज्ञासू विद्यार्थ्याने. कुलूप कसे उघडते हे जाणण्याची हौस वाईट नाही. त्या हौसेने दुसऱ्याचे कपाट उघडायचे की सगळ्या वर्गासाठी चांगले कुलूप घडवायचे, एवढेच ठरवायचे असते. तुमच्या शाळेतील सात नंबरचे यंत्र अजून तुमची वाट पाहत आहे.